अक्कलदाढेवरील स्वारी, मुक्काम लोणावळे

श्रीवाघजाईचे पायी मस्तक ठेवोन, डावा गाल जपोन, मौजे आंबेखिंड, प्रांत मावळ येथील सीताराम बिन जानू, बैलगाडा शर्यतीचे खासे निवेदक, आपल्याच जबड्यात जाहलेल्या संग्रामाचे वर्तमान लिहितात. कारण की, गावात याविषयी नाना कंड्या पिकल्या आहेत आणि त्यांतील बऱ्याच खऱ्या आहेत.

आमची दौलत म्हणजे तोंड. यात्रेस घाटात, म्हणजे शर्यतीचे धावेवर, गाडे सुटले की माईक आमचे हाती, आणि मग ज्या पुढाऱ्यांस गटारावर झाकण बसविता येईना त्यांस विकासाचे महामेरू म्हणावे, आणि जे जामिनावर सुटोन आले त्यांस तरुणांचे स्फूर्तिस्थान म्हणावे, आणि मग शाल, नारळ घेऊन मोठ्या दिमाखाने घरी यावे. ऐशा तोंडावर यंदा यात्रेच्या ऐन हंगामात गनीम उठला. डाव्या अंगास, जबड्याचे सरहद्दीवर, अक्कलदाढ हिरडीखाली दबा धरोन होती. चाळिशी उलटली तरी वर येईना. तिने एकाएकी कान, घसा, मान हा सारा मुलूख जाळिला.

मग मसलत भरली. लोणावळ्यास दातांचे डॉक्टर आहेत हे ठाऊक होते, परंतु दाढ काढिली की त्या अंगाचा डोळा जातो हे आमचेकडे लेकरूही जाणते. सबब दाढेची कीड पाडण्यात नामांकित अशा कमळाबाई मावशींस पाचारण केले. त्यांनी निखाऱ्यावर रिंगणीचे बी टाकिले, नळीने धूर दाढेस दिला, आणि मग पानावर पांढरे किडे झाडोन दाखविले.

"बघ रं मेल्या, किती पोसल्या व्हत्यास!"

आम्ही तत्काळ फत्ते जाहीर केली. किड्यांचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकिला, त्यास अंगठे व फुले आली, आणि मग विजयोत्सव म्हणोन मटणाची नळी दाढेखाली फोडिली. शत्रू मेला की नाही हे न पाहता जेवावयास बसणारे सरदार पुष्कळ जाहले. शत्रूच्याच डोक्यावर हाड फोडणारे आम्ही एकटे.

दुसरे दिवशी गाल पपनसाएवढा आणि तोंडाचा दरवाजा बंद. एक बोट मावेना. शब्द आतच चेंगरोन मरत. आमचे बोलणे त्रिभुवनात एकट्या मंगलबाईसाहेबांस, म्हणजे आमचे कुटुंबास, कळे. अशात यात्रा कमिटीचे कोंडाजी आबा समाचारास आले. आम्ही काही बोलिलो.

"काय म्हनतोय ह्यो?"

"म्हनत्यात, यात्रेपातुर व्हईन बरा. माईक दुसऱ्याला दिऊ नका."

"अगं, तोंड तर उघडंना त्याचं! उर्स्याचा सत्यम तयार हाय. आवाज बी चांगला, आन् जेवतो बी कमी."

हे शब्द दाढेहून खोल लागले. डोळा गेला तर जावो, माईक जाता कामा नये, ऐसा निर्धार करोन खासा स्वारी बाईसाहेबांचे स्कूटीवर मागे बसोन लोणावळ्यास कूच करती जाहली. वाटेत शनिवारच्या मोटारींचा अफाट वेढा. एक गृहस्थ चिक्कीपायी भर रस्त्यात गाडी उभी करोन गेले, त्यांस आम्ही अस्सल मावळी शिव्या दिल्या, परंतु बंद तोंडातून त्या ऐशा मऊ निघाल्या की त्यांनी उलट नमस्कार केला.

डॉक्टर प्रेरणाबाईंनी बाईसाहेबांकडोन किड्यांची हकिकत ऐकिली, मग जबड्याचा फोटो काढोन पडद्यावर दाखविला. दाढ उभी नव्हेच. शेजारच्या दाढेस टेकोन आडवी निजलेली.

"काका, कीड कुठेच नाही. ही हाडात आडवी अडकलीये. ते किडे म्हणजे बियांमधले कोंब."

"म्हंजे ह्यांनी बियांचा फोटू टाकला ग्रुपवर?" बाईसाहेब ऐशा हसल्या की बाहेरचे रोगी आत डोकावले. मग त्यांनी आमचा सवाल पुढे केला. "डोळा जाईल का, इचारत्यात."

"खालच्या दाढेचा आणि डोळ्याचा काय संबंध? गेला तर माझा देईन."

मग हुकूम जाहला की, आधी गोळ्यांनी सूज उतरवावी, मग शस्त्र चालवावे. तो मुहूर्त नेमका यात्रेच्या आदले दिवशी आला. सुई टोचोन जबडा बधिर केला, हिरडी उघडिली, यंत्राने दाढेचे तुकडे केले आणि एकेक बाहेर ओढिला. आरोळी ठोकावी तर तोंडात डॉक्टरांचे दोन्ही हात. टाके पडले आणि फर्मान सुटले की, थुंकू नये, मोठ्याने बोलू नये. सरदारांनी प्रथम डावा डोळा उघडोन भिंतीवरील कॅलेंडर वाचले. सर्व दिसले.

यात्रेस आम्ही गालास फडके बांधोन घाटात हजर जाहलो. कमिटीशी तह ऐसा ठरला की, आम्ही पुटपुटावे आणि बाईसाहेबांनी माईकवर सांगावे. चार गाडे सुरळीत पळाले. मग सरपंच फेटा बांधोन घ्यावयास मंचावर आले. आम्ही रीतीप्रमाणे पुटपुटलो, विकासाचे महामेरू. बाईसाहेबांनी माईक तोंडाशी ओढिला, आणि मग कर्ण्यातून आवाज निघाला,

"ह्ये म्हनत्यात, सरपंच भाऊ, फेटा मागनं बांधा. खालच्या आळीची टाकी दोन उन्हाळं कोरडी हाय, ती आदी भरा!"

आम्ही ऐसे काही म्हणालो नव्हतो.

सारा घाट उसळला. शिट्ट्या, टोप्या, "वैनी, आजून येक!" आम्ही माईककडे हात केला, तो बाईसाहेबांनी न पाहताच बाजूस सारिला, आणि मग पुढल्या गाड्यास ऐसी "भिर्रर्र" दिली की बैलांआधी माणसे पळाली.

टाके निघाले, तोंड सताड उघडिले, आवाज पूर्वीसारखा खणखणीत जाहला. तो ऐकावयास कोणी थांबले नव्हते. कोंडाजी आबा पुढल्या यात्रेची सुपारी घेऊन आले ते थेट चुलीपाशी बाईसाहेबांकडे गेले, आणि परतताना आम्हांस म्हणाले, "तू बी ये. वायर धरायला मानूस लागतंय."

येणेप्रमाणे अक्कलदाढ तुकडे होऊन पडली, जबड्याचा किल्ला मोकळा जाहला, डोळे शाबूत राहिले आणि माईकचे राज्य बाईसाहेबांकडे गेले. फत्ते जाहली हे खरे. कोणाची, हे वाचणाराने समजोन घ्यावे. खालच्या आळीच्या टाकीत पाणी आले, त्याच पाण्याच्या मिठाच्या गुळण्या करोन हे वर्तमान लिहिले असे.