टुवर्ड्स म्हणजे पोचणं नव्हे

"इंग्रजी पाठ करायची नसते, इंग्रजी चालायची असते!" हे कल्याणचं आवडतं वाक्य. वर्गाच्या भिंतीवर त्याने ते निळ्या रंगात लिहून घेतलं होतं आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. टेंभुर्णीच्या अलीकडे चार किलोमीटरवर चिंचवाडी आहे, तिथे त्याचा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा वर्ग. विद्यार्थी अकरा, आणि सगळे त्याच्यापेक्षा वयाने मोठे! ड्रायव्हर म्हणून दुबईला जायला निघालेला भिवा, बचत गटाचं लोणचं परदेशी पाठवायला निघालेल्या दुर्गाबाई, आणि अशीच कुठे ना कुठे निघालेली आणखी नऊ माणसं.

वर्गाची खोली सरपंच काकासाहेबांची. भाडं शून्य. "गावात इंग्रजी आली पायजे," एवढं म्हणून त्यांनी किल्ली हातात ठेवली होती. कल्याणचा सगळा डाव या खोलीवर उभा होता. दिवाळीपर्यंत वर्ग जमला नाही, तर मंठ्याला परत जाऊन मामांच्या दुकानात खताच्या गोण्या मोजायच्या, असं वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं. मामा मोठा प्रेमळ माणूस. पण त्यांच्या दुकानात दिवसभर बसलं की संध्याकाळी जेवणालाही युरियाचा वास येतो, हे कल्याणने एकदा अनुभवलं होतं.

त्या मंगळवारी फळ्यावर शब्द होता 'टुवर्ड्स'. शब्दकोशातून उतरवलेले अर्थही शेजारी होते: च्याकडे, च्या दिशेने, च्या सुमारास, च्याविषयी.

"सर, येका शब्दाला चार अर्थ!" भिवा म्हणाला. "दुबईचा शेख समोर हुबा असल्यावर कोनता पकडायचा?"

"आधी दिशेचा पकडा. 'कडे'."

"ते बी गोलमाल हाय," दुर्गाबाई म्हणाल्या. "मी माहेराकडं गेल्ते, असं म्हनलं तर मी पोचलेच की! चार दिवस ऱ्हाऊन बी आले, भावजयीसंगं भांडून बी आले!"

कल्याणला आनंदाचं भरतं आलं. शिक्षकाला असा प्रश्न म्हणजे पंगतीत दुसऱ्यांदा आलेला जिलबीवाला!

"मावशी, तिथेच तर गंमत आहे! 'टू' म्हणजे पोचलं. 'टुवर्ड्स' म्हणजे तोंड तिकडे, पाय तिकडे, पण पोचल्याची हमी नाही!"

"म्हंजे आपल्या पानी योजनेवानी," भिवा म्हणाला. "तीन वर्सं झाली, गावाकडंच येऊन राह्यली!"

"अगदी बरोबर! चला, आता चालून बघू. उठा सगळे!"

इथे थोडं थांबून गावची रीत सांगायला हवी. सरपंचपदाची निवडणूक दहा दिवसांवर आली होती. मागच्या वेळी काकासाहेबांनी सर्जेरावांना चार मतांनी पाडलं होतं. चार! त्यामुळे निवडणुकीच्या दिवसांत चिंचवाडीत सरळ कुणी चालतच नाही. पारावर दोन्ही बाजूंची दोन-दोन माणसं सकाळपासून बसतात आणि कोण कुणाच्या घराकडे गेलं, एवढंच बघतात. किराणा दुकान सर्जेरावांच्या घराला लागून आहे, म्हणून काकासाहेबांची माणसं साखर आणायला गावाला वळसा घालून मागच्या दाराने जातात. बिनसाखरेचा चहा पितील, पण त्या दिशेला तोंड करणार नाहीत. दोनच माणसं मिळून एखाद्या दाराकडे निघाली, तर दुपारपर्यंत 'ते तिकडं गेले' असं पक्कं होतं. इथे तर अकरा जण!

खोलीच्या दारातून सरळ दिसणारं एकच घर होतं. पोपटी रंगाचं, दुमजली. सर्जेरावांचं.

"आपण त्या घराकडे चालायचं," कल्याण म्हणाला.

भिवाने दाराबाहेर टाकलेला पाय आत घेतला.

"सर, दुसरं घर बगा," दुर्गाबाई हळूच म्हणाल्या. "दिवस बरे न्हाईत."

"मावशी, इंग्रजीत राजकारण नसतं! आणि आपण जाणार कुठे आहोत? दहा पावलं अलीकडे थांबायचं. पोचायचंच नाही! तोच तर धडा आहे!"

दुर्गाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रांगेत उभ्या राहिल्या. गुरूचा शब्द मोडायचा नाही, एवढं त्या पाळत.

रांग निघाली. पुढे कल्याण, मागे अकरा जण, आणि तोंडाने एका सुरात, "वुई आर वॉकिंग टुवर्ड्स सर्जेरावज हाउस!" पारावरची चौघं ताडकन उभी राहिली. वर्षानुवर्षं बसून राहिलेल्या त्या माणसांना आज पहिल्यांदाच खरं काम मिळालं होतं! दोघं काकासाहेबांच्या घराकडे पळाली, दोघं सर्जेरावांच्या.

ठरल्याप्रमाणे रांग बरोबर दहा पावलं अलीकडे थांबली. कल्याण विजयी मुद्रेने मागे वळला. "बघा! पोचलो का? नाही! हे झालं टुवर्ड्स!"

तो पुन्हा पुढे वळला, तर सर्जेराव समोर! ती दहा पावलं ते स्वतःच चालून आले होते. हातात शाल, मागे नारळ, त्यामागे गुलालाची परात, आणि त्यामागे मोबाइल उंच धरलेला त्यांचा पुतण्या बबलू.

"या सर, या! आमाला म्हाईत होतं, शिकलेला मानूस योग्य टायमाला योग्य निर्णय घेतोच!"

"अहो साहेब, हा व्याकरणाचा तास आहे!"

"असू द्या, असू द्या. सुरुवातीला समदे असंच म्हनत्यात." शाल खांद्यावर पडली, गुलाल कपाळाला लागला, फोटो निघाला. पाच मिनिटांत तो गावाच्या ग्रुपवर होता: 'कल्याण सरांचा अकरा विद्यार्थ्यांसह जाहीर पाठिंबा!'

सहाव्या मिनिटाला फोन वाजला. पलीकडे काकासाहेब. आवाज दुखावलेला, एकदम हळू. "सर, आमच्याकडून काय कमी पडलं? पंखा नव्हता, ते म्हाईत हाय. पर पंख्यासाठी मानूस जातो का?"

कल्याणची पाचावर धारण बसली. घाबरला की त्याचं शुद्ध मराठी आधी पळून जायचं. "आवो काका, मी कुटं गेल्तो? मी निस्ता तिकडं चालून राह्यल्तो!"

"तेच म्हनून राह्यलो मी," काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आता शहाण्या माणसाने गप्प घरी जाऊन दार लावून घेतलं असतं. कल्याणने ठरवलं, समक्ष जाऊन समजावून सांगायचं. आणि एकटं कशाला? साक्षीला अख्खा वर्ग घेऊन! गुलाल लागलेली ती रांग उलट्या दिशेने निघाली. पारावर आता चार माणसांची चाळीस झाली होती.

"फुटले! अर्ध्या तासात फुटले!" कुणीतरी ओरडलं.

काकासाहेबांनी दारातच कल्याणला मिठी मारली. डोळ्यांत खरंच पाणी होतं. "चुकला असाल, पर परत आलात, लय झालं!" व्याकरण सांगायला कल्याणने तोंड उघडलं, तेवढ्यात त्यात पेढा गेला. दुसरी शाल, दुसरा फोटो. ग्रुपवर दोन्ही फोटो एकाखाली एक आले. माणूस तोच, चेहरा तोच घाबरलेला, फक्त शालीचा रंग वेगळा. गावाने ते शेजारी ठेवून पाहिले, आणि संध्याकाळपर्यंत एकमत झालं: मास्तर दोन्हीकडून शाली घेतो!

दुसऱ्या दिवशी खोलीला काकासाहेबांचं कुलूप होतं.

कल्याणच्या डोळ्यांसमोर युरियाच्या गोण्या थप्पीने रचल्या जाऊ लागल्या. त्याला खरोखर रडू येत होतं, पण अकराच्या अकरा जण वह्या घेऊन दारात उभे होते. शेवटी वर्ग फाट्यावरच्या एसटीच्या निवाऱ्यात भरला. ती जागा ना यांची ना त्यांची, म्हणून निवडलेली. झालं! ना यांची ना त्यांची, म्हणजे तिसरंच काहीतरी! दुपारी बातमी पसरली: मास्तरांनी तिसरं पॅनल उभं केलं, बैठका फाट्यावर चालू आहेत आणि भाषणं इंग्रजीत आहेत.

अकरा मतं! दोन्हीकडची झोप उडाली. तिसऱ्या दिवशी सकाळी वर्ग चालू असताना पूर्वेकडून काकासाहेब आले आणि पश्चिमेकडून सर्जेराव. दोघांनी एकमेकांना एकाच वेळी पाहिलं, आणि दोघं निवाऱ्यापासून दहा-दहा पावलांवर थबकले. जो आधी पोचेल तो मास्तरापुढे वाकला, असा अर्थ निघणार होता. दोघंही पुढे येईनात आणि मागेही जाईनात.

भिवा कानाशी लागला. "सर, हेच ना ते टुवर्ड्स?"

"बिलकुल," कल्याण पुटपुटला.

"सर, ही किल्ली," काकासाहेबांनी लांबूनच हात पुढे केला. "या, घ्या."

"आमची खोली मोठी हाय, सर," पलीकडून सर्जेराव म्हणाले. त्यांच्याही हातात किल्ली होती. "पंख्यासकट. इकडं या."

कल्याणने एक पाय उचलला आणि तसाच धरला. इकडे टाकला तर तिकडचे संपवणार, तिकडे टाकला तर इकडचे. फाट्यावर जमलेलं सगळं गाव त्या एका पायाकडे बघत होतं. तेवढ्यात मंठ्याला जाणारी एसटी आली. कल्याणने तो पाय एसटीच्या पायरीवर ठेवला, दुसराही ठेवला, आणि खिडकीतून ओरडला, "होमवर्क करा!"

मतदान होईपर्यंत तो मामांच्या दुकानात गोण्या मोजत बसला. वर्ग गेला, खोली गेली, अब्रू तर आधीच गेली होती. निकालानंतर दोन दिवसांनी तो गुपचूप चिंचवाडीत उतरला. आपली पुस्तकं तेवढी गोळा करायची, असा बेत होता.

खोली उघडी होती. आत तीस-पस्तीस माणसं बसली होती. वर नवाकोरा पंखा गरगरत होता, आणि फळ्यापाशी खडू घेऊन दुर्गाबाई उभ्या होत्या.

"मावशी, ही खोली कशी मिळाली?"

"मागितली," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुमी पळाल्यावर मी दोगांच्या बी घरी गेले. टू! सरळ उंबरा वलांडला. म्हनलं, आमची अकरा मतं हायेत, आमाला शिकायला जागा पायजे. काकासाहेबांनी खोली देली, सर्जेरावांनी पंखा देला."

"आणि मतं कुणाला दिली?"

"ते गुपित असतंय सर. नागरिकशास्त्रात हाय."

कल्याण दारातच घुटमळला. पस्तीस माणसं धड्याची वाट बघत होती. दुर्गाबाईंनी फळ्याकडे तोंड केलं, आणि मग गुरूच्या मायेने एकदा मागे वळून पाहिलं.

"हुबे का सर? बसा की. मागं भिवाजवळ जागा हाय, अन् पयल्या म्हैन्याची फी आमी घेत न्हाई."