सोनटक्के काकांचा डेपो

आमच्या शेजारचे सोनटक्के काका कोणाचीही काळजी शांतपणे ऐकून घेतात आणि मग पहिला प्रश्न विचारतात, "मुक्कामी आहे का जाऊन-येऊन?"

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा मी अमेरिकेतल्या आमच्या फ्रीमाँटच्या टाउनहाउससमोर कचऱ्याचा डबा ओढत होतो. "काय म्हणतो, मिलिंद?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. पण मला कोणी असं आपुलकीने विचारलं की संपलंच. मी डब्याचा दांडा धरून त्यांना माझा गुडघा, मुलीचं गणित, छतातून येणारा टकटक आवाज आणि बॉस, असं सगळं सविस्तर सांगितलं.

काकांनी तो प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच वाटणी केली. "गुडघा मुक्कामी. तो आता राहणारच, त्याला अंथरूण टाकून दे. गणित जाऊन-येऊन, परीक्षा झाली की परत. छतातला आवाज म्हणजे जादा गाडी, तू गर्दी केली म्हणून सुटली. आणि बॉस विनाथांबा. उगा मधे हात दाखवू नको, जाऊ दे."

काका विदर्भातल्या एका तालुक्याच्या बस डेपोत जन्मभर कंट्रोलर होते. काकू गेल्यावर मुलीने, मानसीने, आणि जावयाने, सागरने, त्यांना इथे आणलं. रोज संध्याकाळी ते गॅरेजचं दार वर करतात, घडीची खुर्ची टाकतात आणि माकडटोपी घालून बसतात. मी एकदा म्हटलं, "काका, इथे कुठे एवढी थंडी?" तर म्हणाले, "टोपी थंडीसाठी नाही, ड्युटीसाठी आहे."

त्यांचं म्हणणं असं की काळजी बाहेर फलाटावर बसून करावी, घरात न्यायची नाही. त्या खुर्चीत ते मनापासून काळजी करतात. कपाळाला आठ्या घालून, पाय हलवत. खुर्ची मिटली की "डेपो बंद." त्यानंतर आभाळ कोसळलं तरी ते काळजी करत नाहीत. एकदा मानसीच्या फोडणीने घरातला स्मोक अलार्म कोकलायला लागला. आम्ही सगळे रस्त्यावर धावलो. काका आत वरणभात कालवत बसले होते. "डेपो बंद झाला आहे," त्यांनी आतूनच सांगितलं.

माझा डेपो मात्र चोवीस तास उघडा. ताण कमी करण्यासाठी मी काय काय केलं म्हणता? मनगटावर घड्याळ बांधलं. ते मीटिंगमध्ये मध्येच श्वास घ्या म्हणून सांगायचं आणि मी दचकायचो. ध्यानाचं ॲप घेतलं. त्यातली बाई फार सावकाश बोलायची, म्हणून मी तिला दीडपट वेगाने ऐकायचो. झोप यावी म्हणून वजनदार पांघरूण आणलं आणि त्याच्याखाली पडून, आग लागली तर यातून बाहेर कसं पडायचं याचा विचार करत राहिलो. बायको, अनघा, म्हणाली, "शांत व्हायला किती धावपळ करतोस रे!"

आणि मग खरोखरीची काळजी आली. कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज होती आणि मला गुरुवारी मीटिंग लागली, विषय न लिहिलेली. नोकरीला व्हिसा बांधलेला, व्हिसाला घर, घराला मुलीची शाळा. एक दोरी तुटली की सगळंच सुटणार होतं.

बुधवारी संध्याकाळी मी गाडी लावली. माझी गाडी सकाळी निघाली की काका खिडकीतून "सुटली" म्हणतात आणि परतली की गॅरेजमधून "लागली". तसं ते म्हणाले. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि गुरुवारचं सांगितलं. म्हटलं, "काका, ही कोणती? मुक्कामी का जाऊन-येऊन?"

काकांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मग म्हणाले, "ही माझ्या फलाटावर लाव. तू घरी जा, जेव, झोप. आज ड्युटी माझी."

हसू आलं मला. पण घरी गेलो, जेवलो आणि झोपलो. सकाळी घड्याळाने चांगल्या झोपेबद्दल माझं अभिनंदन केलं.

गुरुवारी नोकरी गेली. काचेच्या खोलीत एक बाई फार गोड बोलली, आमच्या ध्यानवाल्या बाईसारखी, आणि तेवढ्यात सगळं आटोपलं. अनघाला फोन करून सांगितलं आणि म्हटलं, थोड्या वेळाने येतो. मग एका वाणसामानाच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये नुसता बसून राहिलो. घड्याळ श्वास घ्या म्हणालं. काढून कप्प्यात टाकलं.

अंधार पडल्यावर गल्लीत वळलो तर काकांच्या गॅरेजचं दार वर. दिव्याच्या झोतात माकडटोपी दिसली. शेजारी मानसी शाल घेऊन उभी. "बघ ना मिलिंद, बाबा जेवायलाच येत नाहीत. डेपो बंद करा म्हटलं तर म्हणतात, एक गाडी यायची आहे."

"लागली," काका म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"काका, गेली नोकरी."

"समजलं. पाटी लावूनच आला तू." त्यांनी खुर्चीची घडी केली. "उशिरा आलेल्या गाडीला काहून म्हणून विचारत नसतात बाप्पा. आली ना? जा, आधी जेव."

मला रडू आलं. भर गल्लीत, गाडीचे दिवे चालू ठेवून, रडलो.

काका आत गेल्यावर मानसी हळूच म्हणाली, "तुझीच वाट बघतात रे ते. मी आणि सागर दिवसभर वरच्या खोलीत लॅपटॉपवर. आमच्या घरात बाहेरून कोणी येतच नाही. इथे आले तेव्हा रिकाम्या रस्त्याकडे बघत बसायचे नुसते. मग तुम्ही राहायला आलात."

हल्ली मी नोकरी शोधतो. हे काम घरी बसूनही होतं, अनघाने खिडकीपाशी टेबलसुद्धा लावून दिलंय. पण मी रोज इस्त्रीचा शर्ट घालतो, डबा घेतो आणि गाडी काढून लायब्ररीत जातो. "सुटली." संध्याकाळी परत येतो. "लागली." व्हिसाचं काय होणार माहीत नाही, काकाही अजून या गाडीची पाटी वाचू शकलेले नाहीत. मला ऑफिस नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण त्या विषयावर ते बोलत नाहीत आणि मीही नाही.

काल त्यांना सांगितलं, "काका, उद्या लायब्ररी बंद आहे. मी घरीच."

ते टोपी खाली ओढत राहिले. मग म्हणाले, "दूध तरी आणायला जाशील ना? संध्याकाळी जा. मी बसतो बाहेर."

फ्रिज दुधाने भरलेला होता. मी आज संध्याकाळी दूध आणायला गेलो.