गजभियेबाबूंची वाकडी रेघ

नागपुरात, सदरच्या रस्त्यावर गजभियेबाबूंना कडेने चालताना कोणी पाहिलं असेल, तर त्याने मला जरूर कळवावं. मी त्यांच्यासोबत सहा वर्षं नोकरी केली आणि त्या सहाही वर्षांत हा माणूस रस्त्याच्या बरोब्बर मधून चालला. मागून सायकलवाले घंटी वाजवून दमायचे. रिक्षावाले मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत त्यांच्या खानदानाची चौकशी करायचे. एकदा चौकातल्या हवालदाराने शिट्टी मारून त्यांना थांबवलं.

"काहून बाबूजी, रस्त्याले कडा असते, माहीत नाही का?"

"मी मधात आहो," गजभियेबाबू शांतपणे म्हणाले. "दोन्हीकडं सारखी जागा सोडून राहिलो. ज्याले जिकडून जायचं तिकडून जावं. कडेनं चालणाराचा भरवसा काय? तो कवाबी मधात येते."

हवालदार विचारात पडला. मी त्यांच्या दहा पावलं मागे, कडेने, ओळख नसल्यासारखा चालत होतो.

दोष त्यांच्या धंद्याचा होता. आमचं ऑफिस कोळशाच्या खाणींचं. त्यातल्या नकाशांच्या विभागाचे गजभियेबाबू मुख्य. जमिनीखाली बोगदा खोदायचा तर कागदावर आधी त्याची मधली रेघ काढावी लागते. खाली खाणीत हीच रेघ छतावर चुन्याने मारत नेतात आणि खोदणारे तिच्याकडे बघून डावी-उजवीकडे सारखं खोदत जातात. इथे रेघ बोटभर सरकली, तर पुढे बोगदा भलत्याच ठिकाणी निघतो. तीस वर्षं गजभियेबाबूंनी असल्या रेघा काढल्या. त्यांची एकही रेघ चुकली नाही, असं खाणीतले जुने लोक सांगत. आता तीस वर्षं ज्याने जगाकडे असं बघितलं, त्याचं डोकं आणखी कसं चालणार? "पहिले मधली रेघ, मंग बाकी दुनिया," हे वाक्य दिवसातून दहादा ऐकायला मिळे.

दुपारी आम्ही कोपऱ्यावर तर्री-पोहे खायला जायचो. गजभियेबाबू बशीत पोह्यांच्या मधून चमच्याने आधी एक सरळ बोगदा काढायचे. मग एक घास डावीकडचा, एक उजवीकडचा, असं खात पलीकडे निघायचे. मधेच कोणी तर्रीचा रस्सा वाढला की कपाळाला हात. "अरे बाप्पा, पाणी घुसवलं ना खाणीत!"

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का नाही केलं, असं मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाले, "एका माणसाची मधली रेघ सांभाळता सांभाळता जीव जाते. दोघांची कोण काढन?" माझ्या लग्नात मात्र ते सकाळी आठपासून हजर होते. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि पहिल्या "सावधान"ला गजभियेबाबू मांडवातून ओरडले, "थांबा! अंतरपाट चार बोटं उजवीकडं आहे!" भटजी चिडले. सासरे घाबरले, त्यांना वाटलं हुंड्याचं काही निघालं. शेवटी अंतरपाट चार बोटं डावीकडे सरकवला, तेव्हा कुठे माझं लग्न लागलं. बायको अजून म्हणते, आपला संसार सरळ चालला तो त्या गजभियेबाबूंमुळे, तुमचं त्यात काही नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी वेगळी खोली, खोलीला एसी, दाराशी चपला काढायच्या. पहिल्या दिवशी नारळ फुटला. मी नवा इंजिनिअर म्हणून मला कलकत्त्याला पंधरा दिवस शिकायला पाठवलं होतं, त्यामुळे त्या देवळाचा पुजारी मीच. बोगद्याची दोन टोकं सांगितली, उतार सांगितला, की मधली रेघ तो आपोआप काढायचा, आणि रेघेभोवती अख्खा बोगदा पडद्यावर उभा करायचा. साहेबलोक येऊन बघून जायचे.

गजभियेबाबूही आले. चपला हातात घेऊन खोलीभर फिरले. टेबल खोलीच्या मधात नाही म्हणून दोन शिपायांकडून ते सरकवून घेतलं. मग पडद्यावरची रेघ बराच वेळ बघितली.

"हुशार आहे," ते म्हणाले. "पण कधी खाली गेलं नाही ना हे. याले घाम कोठं येते?"

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय. तरुण होतो मी, आणि कॉम्प्युटर माझ्या ताब्यात होता. त्या वयात एवढं पुरतं.

मग कन्हानच्या बाजूच्या खाणीचं काम आलं. खालून एक लांब बोगदा कोळशाच्या नव्या पट्ट्याकडे न्यायचा होता. त्याची मधली रेघ गजभियेबाबूंनी आधीच हाताने काढून ठेवली होती. मी ती कॉम्प्युटरमध्ये घालायला घेतली आणि चाट पडलो. रेघ निम्म्यापर्यंत सरळ जात होती. तिथून डावीकडे वळत होती, कशाला तरी वळसा घालत होती आणि मग पुन्हा आपल्या वाटेला लागत होती. अंतरपाट चार बोटं हलवणाऱ्या माणसाने ही रेघ काढली, यावर माझा विश्वास बसेना. जमिनीत भोकं पाडून खडकाची जी तपासणी झाली होती, तिचे सगळे कागद मी काढले. खडक पक्का होता. फट नाही, भेग नाही. नकाशावर त्या जागी काहीच नव्हतं, कोरा कागद.

मी दोन टोकं सांगितली आणि कॉम्प्युटरने क्षणात सरळ रेघ मारली. मोठे साहेब खूश झाले. दोन महिन्यांचं खोदकाम वाचत होतं. त्यांनी गजभियेबाबूंना बोलावलं.

"गजभियेजी, ये मोड किसलिए?"

"कारण आहे साहेब."

"क्या कारण?"

"आहे."

साहेबांनी तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर आलं. शेवटी साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत कारण लिहून द्या, नाहीतर सरळ रेघेवर सही करा. गजभियेबाबू मान खाली घालून बाहेर आले. जिन्यात मी त्यांना गाठलं आणि जे बोलू नये ते बोललो. "बाबूजी, मशीनवर राग असेल तर माझ्यावर काढा, नकाशावर कशाला काढता?"

ते रागावले नाहीत. "पाठकसाहेब, रविवारी मोकळे आहा का?"

रविवारी सकाळच्या बसने आम्ही कन्हानला उतरलो आणि तिथून पायी निघालो. बैलगाडीच्या वाटेला दोन चाकोऱ्या असतात आणि मधे गवताचा उंचवटा. गजभियेबाबू त्या उंचवट्यावरून चालत होते. त्यांच्या खांद्याला एक जड पिशवी होती, ती मला घेऊ देत नव्हते.

आधी गाव लागलं. माझ्या हातातल्या नकाशात गावातलं सगळं होतं. देऊळ, पाटलाची आमराई, दोन विहिरी, नाल्यावरचा पूल. पूल ओलांडला आणि नकाशा संपला. म्हणजे कागद होता, पण कोरा. त्या कोऱ्या जागेत मी उभा होतो आणि समोर चाळीस-पन्नास घरांची वस्ती होती. निळा झेंडा होता, छोटंसं बुद्धविहार होतं, कोंबड्या होत्या. आणि वस्तीच्या मधोमध दगडी काठाची एक विहीर होती. काठावर एक उंच, काटक बाई पाणी शेंदत होती.

"ते माही मोठी बहीण, बाई म्हणतो मी तिले," गजभियेबाबू म्हणाले. "अन् ते इहीर."

आम्ही लिंबाखाली टेकलो. ते हळूहळू बोलायला लागले. गावच्या विहिरींवर त्यांच्या लोकांना हात लावू देत नसत. नाल्यात झिरे खणून पाणी भरायचं, उन्हाळ्यात तेही आटायचं. मग वस्तीने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि पुढच्याच उन्हाळ्यात ही विहीर खोदली.

"बाईचा नवरा गेला होता तवा. साऱ्या उन्हाळ्यात बाईनं माती वाह्यली. अन् मी एक टोपलं उचललं नाही, पाठकसाहेब. माही नकाशाची परीक्षा होती. मी टोपलं घ्याले गेलो का बाई हातावर मारे. म्हणे, तू अभ्यास कर, इहिरीचं मी पाहतो."

त्यांनी नाक पुसलं.

"बोगदा सरळ गेला तं बरोबर इच्या बुडाखालून जाते. इथं कोळसा काही लय खोल नाही. सारं पाणी खाली उतरन. दुसऱ्या खाणीवरच्या एका गावात मी पाह्यलं ना, दोन वर्षांत इहिरी कोरड्या. अन् इथं दुसरं पाणी नाही."

"मग विहीर नकाशावर काढायची ना!" मी ओरडलोच. "वर विहीर असली की खालचा भाग सोडायचा, साधा नियम आहे."

"हाव. पण नकाशा जुन्या कंपनीच्या काळचा. ते लोक पुलापर्यंत आले अन् वापस गेले. आता दुरुस्ती करणारा कोण? मी. बहिणीची इहीर, माह्या हातानं, माह्याच नकाशावर? उद्या कोणी म्हणन, गजभियेनं घरचं पाह्यलं. तीस वर्षांत मी कोणाले बोट दाखवू दिलं नाही."

"म्हणून तुम्ही रेघ वाकवलीत?"

"वाकवली," ते म्हणाले.

मला हसू आलं. कॉम्प्युटरची एक कळ दाबून मी ही विहीर आटवायला निघालो होतो, आणि वरून जिन्यात या माणसाला सुनावलं होतं. मला माझी मनस्वी लाज वाटली. "मी मोजतो," मी म्हणालो. "माझ्या सहीने. पण टेप कुठे आणू रविवारी?"

गजभियेबाबूंनी पिशवी उघडली. आत टेप होता, कंपास होता, वही होती, टोक केलेल्या दोन पेन्सिली होत्या. "सहज आणलं," ते म्हणाले.

पुढचा दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. पूल नकाशावर होता, म्हणून पुलाच्या खांबापासून मोजत यायचं होतं. गजभियेबाबू टेपला हात लावेनात. लिंबाखाली विहिरीकडे पाठ करून बसले. टेपचं टोक धरायला बाई पुढे आल्या तर तिथूनच ओरडले, "तिचा हात नको! घरचा हात नको!" मग मी टोक दगडाखाली दाबलं आणि एकटाच पळापळ करू लागलो.

"टेप ढिला पडला!" पाठमोऱ्या लिंबाखालून आवाज.

"तुम्ही बघत नाही ना?"

"आवाजावरून समजते मले!"

बाई कमरेवर हात ठेवून हा तमाशा बघत होत्या. "श्रावन्या, काहून पाठ फिरवून बसला गा? ह्या भाऊले घाम फुटून राहिला, अन् तू मारोतीसारखा बसला!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कायले मोजून राहिले बाबू? मोजून पाणी कमी होईन का?"

"नाही बाई. सरकारी काम आहे."

"ऑफिसात बी असाच बसते का हा?"

"बसूनच असतात जरा."

"मले वाटलंच. तीस वर्षांपासून इचारतो, काय करतं? तं म्हणते, रेघा ओढतो. आता रेघा ओढून कोणाचं भलं झालं सांगा बरं?"

सांगणारच होतो मी. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात गजभियेबाबूंनी पहिल्यांदा मान वळवली आणि नाही, नाही अशी हलवली. मी वहीत आकडा लिहून टाकला. बाईंनी लोटी भरली, भावाकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, "आमच्या इथलं पाणी घेता ना?" मी दोन लोट्या प्यालो. गोड पाणी होतं. तिसरी त्यांनी न विचारता भरली.

सोमवारी माझ्या सहीने अहवाल गेला. विहीर नकाशावर चढली. कॉम्प्युटरला विहिरीची जागा सांगितली, तिच्याभोवती किती खडक सोडायचा ते सांगितलं, आणि त्याने निमूटपणे रेघ वाकवली. साहेबांनी सही केली. मी कॉम्प्युटरची रेघ आणि गजभियेबाबूंची रेघ एकावर एक ठेवून पाहिली. बाबूंचा वळसा दोन हात मोठा होता.

"नियमापेक्षा जास्त जागा सोडलीत?"

"बाई बादली जोरात टाकते," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी बोगदा तिथवर पोचला. वळणावरची चुन्याची रेघ तपासायला आम्ही दोघं सकाळच्या पाळीसोबत खाली उतरलो. तपासणी झाली, रेघ ठीक होती. मी परत फिरलो तर गजभियेबाबू मागेच. डोक्यावरचा दिवा उजव्या, विहिरीच्या बाजूच्या भिंतीवर लावून ते उभे होते. त्यांनी हातमोजा काढला आणि तळहात भिंतीवर टेकवला. वर, खाली, पुन्हा वर. मग तळहात उलटा करून दिव्यात पाहिला.

"कोरडी आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी घड्याळ बघितलं. "नऊ वाजले. बाई पाणी भरून राहिली असन."

त्यांनी हात पुन्हा भिंतीवर ठेवला. वर जायची वेळ झाली होती, वर नेणारी गाडी थांबली होती. मी काही त्यांना हाक मारली नाही.