पारवा रोडवरचा फ्रान्स

हे आत्ताच सांगायले पाहिजे, नाहीतर माझं डोकं फुटीन. आई तिकडून भांडे घासायले हाका मारून राह्यली, मारू द्या. आमच्या शेजारचे प्रल्हाद काका रोज साडेअकरा वाजता सायकलनं फ्रान्सले जातात अन् एकच्या आत जेवायले घरी येतात.

घाटंजीतून. मे महिन्यात. ज्या वेळेले आमच्या गल्लीतले कुत्रेही नालीत उतरून झोपलेले असतात, त्या वेळेले.

आधी थाट ऐका. डोक्याले ओला दुपट्टा, त्याच्यावर पिवळं हेल्मेट, कानात इअरफोन, हातात अर्धे मोजे अन् खाली ती सायकलवाल्यांची चिकटून बसणारी काळी चड्डी. ती पाहून समोरच्या आजीनं सकाळी अंगणात बसणंच बंद केलं. खिशात कांदा, लू लागू नये म्हणून. तो काकीनं टाकलेला. बाकी सगळा माणूस युरोपचा, कांदा तेवढा आपला.

काका मोजणी खात्यातून रिटायर झाले. आयुष्यभर लोकांच्या धुऱ्या-बांधाचे भांडणं फीत लावून सोडवले, त्यामुळे नकाशात आहे ते खरं अन् जमिनीवर आहे ते चुकीचं, असा त्यांचा हिशेब. काकीनं भाजीत मीठ जास्त टाकलं तरी म्हणतात, "नकाशात असं नाही." दोन वर्षांपूर्वी त्यांनी फ्रान्सच्या कुठल्यातरी खोऱ्याचा भला मोठा नकाशा छापून आणला अन् बैठकीत देवाच्या फोटोशेजारी लावला. त्या दिवसापासून आमच्या तालुक्याचं काही खरं राह्यलं नाही.

पारवा रोड म्हणजे त्यांच्या नकाशातला नदीकाठचा रस्ता. आमची वाघाडी नदी म्हणजे तिथली लुआर. मे महिन्यात वाघाडीत पाणी किती असते ते इथल्या माणसाले सांगायची गरज नाही, पण काका म्हणतात, "पात्र पाहा पोरी, पाण्यावर जाऊ नको." वावरातल्या कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या म्हणजे द्राक्षाचे मळे. रस्त्यात एका गावात पडकी गढी आहे, तिच्यावर लोक गोवऱ्या थापतात. तो शातो, म्हणजे सरदाराचा वाडा. "पाचशे वर्षं जुना," असं काकांनी एका गोवऱ्यावालीले सांगितलं, तर ती म्हणे, "असन बाप्पा, पण इथं सायकल टेकवू नका, ओल्या आहेत."

अन् ते बोंजूर. फ्रान्समध्ये म्हणे दुकानात शिरल्याबरोबर आधी बोंजूर म्हणा लागते, नाहीतर दुकानदार अपमान समजते. काका आठवडी बाजारात प्रत्येक भाजीवालीसमोर थांबून बोंजूर म्हणतात, मगच वांगे हातात घेतात. पहिले पहिले बाया घाबरल्या. आता पानठेल्यावर तंबाखू-सुपारी घोटणारे पोट्टे लांबूनच ओरडतात, "बोंजूर काका, खर्रा घोटू का?" काका गंभीरपणे मान हलवून जातात.

एकदा तर बेकरीवाल्याले हातभर लांब पाव करायले लावला. तिथल्या खेड्यांत माणूस असा पाव सायकलच्या मागं बांधून नेते म्हणे. बेकरीवाल्यानं केला, काकांनी कॅरियरले बांधला, अन् पहिल्याच स्पीडब्रेकरवर त्याचे दोन तुकडे झाले. मागून येणाऱ्या बकरीनं एक तुकडा तिथंच संपवला. काका उतरले, उरलेला तुकडा फीत असल्यासारखा हातात मोजला अन् म्हणे, "नकाशात असं नाही."

तुम्ही म्हणसान, यात काय, छंद आहे माणसाचा. पण मले यातलं बरंच काही पटतच नव्हतं. शनिवार-रविवारी सगळं जग सायकल चालवते, काका नेमके त्या दोन दिवशी घरी. हिवाळ्यात साडेबाराले निघायचे. मार्च संपता संपता ऊन चढलं, अन् हे एका सोमवारपासून अचानक साडेअकराले निघायले लागले. मी म्हटलं, "काका, ऊन टाळायचं तर सहाले जा न." तर म्हणे, "सहाले तिथं अंधार असते." आता पारवा रोडले सकाळी सहाले कायचा अंधार? रस्त्यानं एकटेच बोलत जातात, "हं, आता डावीकडे चर्च. आता उतार." अन् वाघाडीच्या पुलावर पोहोचले की तीनदा घंटी वाजवतात. समोर ना माणूस, ना ढोर. मी स्कूटीवरून मागं मागं जाऊन याचा व्हिडिओ काढला होता. आमच्या ग्रुपवर अजूनही हसतात त्याच्यावर. खोटं कायले बोलू, सगळ्यात जास्त मीच हसली.

मग मागच्या आठवड्यात काकांना पुलावर चक्कर आली. रसवंतीवाल्यानं ऑटोत टाकून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी साडेअकराले माणूस पुन्हा हेल्मेट घालून तयार.

काकी माझ्याकडे आली. शोभा काकी भांडणारी बाई आहे, रडणारी नाही. त्या दिवशी पदरानं डोळे पुसत म्हणे, "मयुरे, एकदा उठून बसले. दुसऱ्यांदा पडले तर उठतीन का? निखिल तिकडे, मी इकडे एकटी. तू उद्या सायकलीची हवा सोडून दे."

निखिल म्हणजे त्यांचा एकुलता एक पोरगा, तिकडे फ्रान्समध्येच नोकरीले. रविवारी व्हिडिओवर दिसते, हसते, जेवला म्हणते. त्याच्यामुळेच म्हाताऱ्याले हे वेड लागलं असं काकी म्हणायची.

हवा सोडायचं काम मी फार आनंदानं केलं. नुसती सोडली नाही, चाकाचा वालसुद्धा काढून खिशात टाकला. अन् काकांचं तोंड कसं होते ते पाहायले मोबाइल घेऊन त्यांच्या ओसरीत पायरीवर बसली. हातात परीक्षेचं गाइड, दाखवायले.

सव्वाअकराले काका बाहेर आले. मागचं चाक दाबून पाहिलं. मले वाटलं आता म्हणतीन, नकाशात असं नाही. पण त्यांनी सरळ पंप आणला, दहा-बारा वेळा मारला, हवा काही थांबेना. सारखे घड्याळाकडे पाहत.

मी म्हटलं, "काका, राहू द्या न आज. नाहीतर स्कूटीवर फिरवून आणते."

"स्कूटी नाही चालत. त्याले आवाज समजते."

"कोणाले?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. साडेअकरा. इअरफोनच्या वायरचा गुंता सुटेना, तर काकांनी फोन तसाच स्पीकरवर हँडलच्या टोपलीत ठेवला, सायकल डबल स्टँडवर चढवली अन् वर बसून जागच्या जागीच पायडल मारायले लागले. मागचं चाक हवेत गरगर फिरून राह्यलं, चेन खडखडून राह्यली, अन् हेल्मेटवाला माणूस ओसरीतच.

"हां बेटा, मी निघालो. तू निघाला का?"

"निघालो बाबा." निखिलचा आवाज. त्याच्याही मागं चेनचा आवाज, अन् वारा. "आज तुमच्याकडे वारा नाही का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी सांगू शकत नाही. मी मोबाइल बाजूले ठेवला अन् गाइडनं फोनजवळ वारा घालायले लागली.

"आहे न, गरम आहे. चर्च गेलं का?"

"गेलं."

"आता उतार. ब्रेक धरून. मग द्राक्षं, मग शातो. नकाशात तसंच आहे, कुठंच काही वेगळं नाही." काका घामानं निथळून राह्यले होते. त्यांना त्या रस्त्याचं वळण न् वळण पाठ होतं.

मग तिकडची चेन थांबली. "बाबा, पूल आला. मी आज इथूनच परत फिरतो. छातीत तसंच होऊन राह्यलं."

"मी बी पुलावरच आहो," काका म्हणे. "मलेही दम लागला. परत फिरलं तर दोघंही फिरू. पुढे गेलं तर दोघंही जाऊ. घाई नाही."

काकांचे दोन्ही हात हँडलवर घट्ट होते, घंटीपर्यंत बोट जाईना. तेवढ्यात माझ्या मागून कणकीनं भरलेला एक हात पुढे आला. काकी. ती कधीची दारात उभी होती कोण जाणे. तिनं घंटी वाजवली. तीनदा.

मग फोनमधून, लांबून, तीनदा घंटी आली. अन् चेन पुन्हा सुरू झाली.

फोन बंद झाल्यावर काका खाली उतरून पायरीवर बसले अन् जमिनीकडे पाहत बोलले. पोरगा तिथं गेल्यावर दोन महिने रोज कामाले निघायचा अन् त्या पुलावरून घाबरून खोलीत परत यायचा. नोकरी जायची वेळ आली होती. आईले सांगू नका म्हणे. तवा काकांनी सायकल घेतली अन् त्याच्याच वेळेले फोनवर त्याच्यासोबत निघायले लागले. तिथले आठ म्हणजे आपले साडेअकरा. हिवाळ्यात साडेबारा, कारण ते लोक घड्याळं मागंपुढं करतात. शनिवार-रविवारी त्याले सुटी.

काकी फक्त एवढंच म्हणे, "मले सांगतलं असतं, तर मी काय पुलावर आली नसती?"

मी वाल परत बसवला. दोघांच्याही समोर. काकांनी विचारलं नाही, अन् व्हिडिओ मी त्याच दिवशी डिलीट केला, ग्रुपवरचा मात्र आता माझ्या हातात नाही. चड्डीवर मी अजूनही हसते, ती हसण्यासारखीच आहे. पण उन्हात जाणं बंद झालं. आता साडेअकराले सायकल ओसरीत कडुलिंबाच्या सावलीत स्टँडवर चढते, काकी टेबलफॅन लावते अन् पूल आला की घंटी तिची. निखिलले सगळं सांगून टाकलं. हे लिहू का विचारलं, तर म्हणे लिही, नावं तेवढे बदल. बदलले.

आता तुम्ही सांगा, तुमच्या गल्लीतही कोणी असा बावळट आहे का, ज्याच्यावर तुम्ही वर्षभर हसले, अन् मग एक दिवस त्याच्या सायकलीचा वाल तुमच्याच खिशात सापडला?