पहिलं काम घरचंच

भिवा सुताराने सलग तिसरा रविवार बुडवला आणि अभय पेडणेकरने नोकरी सोडायचं ठरवलं.

या दोन गोष्टींचा संबंध काय, हे त्याच्या बायकोलाही कळलं नाही. पेडणेकरांच्या बाथरूमची कडी गणपतीपासून तुटलेली होती. आत गेलेल्याने मोठ्याने गाणं म्हणायचं, असा तेव्हापासून घरचा नियम होता. (अभय आत असला की त्याची बारावीतली मुलगी श्रेया कानात इअरफोन घालून बसायची.) भिवा दर आठवड्याला फोनवर "रविवारी नक्की" म्हणायचा आणि यायचा नाही.

"या मुंबईत वेळेवर येणारा एक माणूस नाही!" अभय कडाडला. "जो वेळेवर जाईल तो राजा. आणि मला चोवीस वर्षांत एकही लेटमार्क नाही. आपण दुरुस्तीचा बिझनेस काढायचा!"

"वेळेवर जाऊन तुम्ही तिथे करणार काय?" ललिताने विचारलं.

हा मुद्दा अभयला किरकोळ वाटला. बॅलार्ड पियरच्या एका ऑफिसात तो रेकॉर्ड सांभाळायचा. तिथे नुकतीच स्वेच्छानिवृत्ती जाहीर झाली होती आणि फॉर्म द्यायची शेवटची तारीख होती येता सोमवार. शिवाय दादरला एका हॉलमध्ये तो उद्योजकतेचं व्याख्यान ऐकून आला होता. वक्ते म्हणाले होते, तयारी वास्तववादी हवी. आधी कागदावर आपली बलस्थानं लिहा, मग उणिवा. अभयने बलस्थानांनी एक पान भरलं. उणिवांखाली बराच विचार करून लिहिलं, ‘जरा जास्तच मेहनती.’

ललिता पालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिने लाल पेन घेतलं, उणिवांचा रकाना पूर्ण केला आणि वर पुरवणी मागितली.

शेवटी तडजोड झाली. "रविवारी आपल्याच बाथरूमचं काम करून दाखवा," ती म्हणाली. "नीट झालं तर सोमवारी फॉर्म द्या. मी एक शब्द बोलणार नाही."

ललिता एक शब्द बोलणार नाही, या कल्पनेनेच अभयला हुरूप आला. त्याने साधी कडी न आणता लोहार चाळीच्या बाजारातून मुठीचं झकास लॉक आणलं. श्रेयाकडून जाहिरात करून घेतली, ‘घोडपदेव होम केअर. तुटलेलं, गळणारं, अडकलेलं, काहीही असो! एक फोन करा,’ आणि शनिवारीच लिफ्टशेजारी चिकटवलीसुद्धा.

रविवारी दहाच्या ठोक्याला काम सुरू झालं. व्हिडिओ चार वेळा बघून झाला. साडेअकराला लॉक दारात बसलं. दोन स्क्रू उरले. (कंपनीने जास्तीचे दिले असणार.) अभयने बायको-मुलीला बोलावलं, घाम पुसला, आत गेला आणि दिमाखात दार लावलं.

खट्ट!

"ऐकलंत? काय आवाज आहे!" आतून तो म्हणाला. मग त्याने मूठ फिरवली. मूठ फिरली, आणखी फिरली आणि अलगद त्याच्या हातात आली.

"ललिता, बाहेरून उघड गं जरा."

"बाहेरची मूठ कुठाय?"

"ती... ओट्यावर आहे. ती नंतर बसवणार होतो."

ओट्यावर मूठ होती, स्क्रू ड्रायव्हर होता, त्याचा मोबाइलही होता. आत बादली, प्लास्टिकचा मग आणि अभय. दाराची धडधड ऐकून शेजारचे नाना आले. नाना गिरणीत जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम होते, आता ऐंशीला टेकलेले.

"काय रे अभय, आत काय करतंस?"

"चाचणी, नाना!"

"भियां नको. लिफ्टीकडे कागद लावललो आसा, अडाकलेला काढतत म्हणान. आताच फोन करतंय."

"नाना, नको!" अभय ओरडला. पण नाना मोबाइल घेऊन लिफ्टपाशी पोचलेही होते. आणि ओट्यावर अभयचा फोन वाजला. ललिताने तो उचलला.

"हॅलो, होम केअर?" नानांचा आवाज फोनमधूनही आला आणि पॅसेजमधूनही. "हय एक माणूस बाथरूमात अडाकलो हा. तुमचो माणूस धाडा."

"आमचा माणूस सध्या कामावरच आहे," ललिता शांतपणे म्हणाली.

"कधी सुटतलो?"

"तेच बघतोय आम्ही."

दारापलीकडे श्रेया हसून हसून जमिनीवर बसल्याचं अभयला ऐकू आलं. थोड्या वेळाने दाराखालच्या फटीतून एक कागद आत सरकला. निवृत्तीचा फॉर्म. मागोमाग पेन.

"बसल्या बसल्या सही करायची असेल तर करा," ललिता म्हणाली.

अभय बादली पालथी घालून तिच्यावर बसला. चोवीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या फायली लावल्या होत्या. एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या नावाची पाटी असावी, एवढंच त्याला वाटत होतं. यात चूक काय होती? त्याने मुठीकडे पाहिलं. मग फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. सही केली नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात भिवा!

"वहिनी, ते कडीचं काम होतं ना? म्हटलं आज उरकूनच टाकू."

भिवाने दोन मिनिटांत दार उघडलं. लॉक निरखून विचारलं, "कोणी बसवलं?"

अभयने हातातली मूठ पाठीमागे लपवली.

"उलटं बसवलंय," भिवा म्हणाला. "पण माप चोख घेतलंय हां."

अभयला तेवढंही पुरलं. चहा घेताना भिवाने आपलं दुखणं सांगितलं. फोनवर त्याला नाही म्हणता यायचं नाही. एकेका रविवारचा वायदा तो सहा-सहा घरांना देऊन बसायचा. कोणाला कुठला वार दिला, हे त्याचं त्यालाच आठवायचं नाही.

"नोंदी ठेवायला माणूस नाही ना, साहेब."

ललिताने अभयकडे पाहिलं. अभयने ललिताकडे पाहिलं. नोंदी!

तर ठरलं असं : नोकरी चालू, धंदा फक्त रविवारचा. हात भिवाचे; फोन, वही आणि घड्याळ अभयचं. स्क्रू ड्रायव्हर अभयने हातात धरायचा नाही, ही अट ललिताने लाल पेनाने लिहून घेतली.

पुढच्या शनिवारी बाहेरचा पहिला फोन आला. प्रभादेवीच्या एक बाई होत्या, कपाटाचं दार निखळलं होतं. अभयने ऐटीत वही उघडली, वेळ लिहिली.

"पण एक विचारू का?" बाई म्हणाल्या. "माझी बहीण तुमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. तुमचा तो बाथरूममध्ये अडकलेला माणूस... तो नाही ना येणार?"

अभयने घसा साफ केला.

"छे हो, मॅडम," तो म्हणाला, "त्याला आम्ही त्याच दिवशी काढला!"