कोरड्या विहिरीतलं पाणी

सौर पंप मंगळवारी सकाळी सव्वानऊला थांबला. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, विहिरीत दोन पुरुष पाणी होतं आणि पंपाच्या पेटीवरचा हिरवा दिवा मोठ्या समाधानाने जळत होता. सगळं यथास्थित होतं, फक्त पाणी येत नव्हतं. मावशींनी आपल्या रोपवाटिकेतल्या लिंबाच्या तीनशे रोपांकडे पाहिलं. या उन्हात ती फार तर चार दिवस तग धरतील.

पूर्वी अशा वेळी पानाभाऊंना हाक मारली की भागायचं. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही चटकन आठवत नसे. खिशात कायम पाना, म्हणून पानाभाऊ. ते पाइपाला कान लावत, डोळे मिटत आणि पंपाला कुठे खुपतंय ते सांगत. त्यांच्यासाठी ओतलेला चहा निवायच्या आत पाणी सुरू. पण सौर पंप घेताना मावशींनी दोन कागदांवर सह्या केल्या होत्या. एक, जुना रहाट आणि दोर जमा केल्याचा, कारण पर्यायी साधन बाळगणं हा योजनेवरचा अविश्वास समजला जाई. दुसरा, पेटीचं सील अधिकृत माणसाखेरीज कुणी तोडल्यास दहा वर्षांची हमी रद्द होईल, हा.

तरी पानाभाऊ आलेच. पेटीवर रिकाम्या बादलीचं चित्र लुकलुकत होतं.

"वहिनी, आत पाणी किती आहे ते सांगणारी वायर निसटलीये. पंपाला वाटतंय विहीर आटली, म्हणून बसलाय गप्प. सील काढा, दोन मिनिटांचं काम आहे."

"आणि हमी?"

"हमीनं रोपं भिजतात होय?"

"दहा वर्षांची आहे हो," मावशी म्हणाल्या आणि मदत कक्षाला फोन लावला.

तिथल्या मुलीचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा होता. "मॅडम, तुमचा पंप उत्तम काम करतोय."

"अगं, पाणी येत नाहीये."

"बरोबर. विहीर कोरडी असताना बंद राहणं हेच त्याचं काम. ते तो शंभर टक्के करतोय."

"विहीर भरलेली आहे. कठड्याशीच उभी आहे मी. माझं तोंड दिसतंय मला त्यात."

"आमच्या नोंदीत नाही दिसत, मॅडम. माणूस पाठवते."

माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्याने पॅनलचे चारही बाजूंनी फोटो काढले. विहिरीत तो डोकावला नाही. विहीर त्याच्या कार्यकक्षेत नव्हती. शेवटी मावशींनी कपडे वाळत घालायची दोरी सोडली, बादलीला बांधली, बादलीभर पाणी शेंदलं आणि त्याच्या बुटांपुढे ठेवलं.

"आजी, हे कुठून आणलंत?"

"विहिरीतून."

"कुठल्या?"

"ह्या."

"ही तर कोरडी आहे," तो म्हणाला आणि शेरा लिहू लागला: 'कोरड्या विहिरीत अनधिकृत पाणी आढळून आले. स्रोताबाबत सात दिवसांत खुलासा करावा.' मग त्याने दोरी गुंडाळून पिशवीत घातली. "पर्यायी साधन आहे ना, जमा करावं लागतं."

"अरे, आलाच आहेस तर ती वायर तेवढी बसव."

"वायर पंप विभागाची. मी पॅनलचा."

पाचव्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. पानाभाऊ कुंपणापाशी उभे होते, हात खिशातल्या पान्यावर.

"वहिनी, काढू सील?"

मावशींनी रोपांकडे पाहिलं. मग सीलकडे पाहिलं. लालभडक, ठसठशीत, सरकारी जावयासारखं मिरवत होतं.

"उद्या येतील हो ते," त्या म्हणाल्या.

पण पॅनलची तक्रार मिटल्याखेरीज पंपाची तक्रार उघडत नव्हती, आणि मिटवायला फोनवर आलेल्या चौकटीत कामाला एक ते पाच तारे द्यावे लागत. मावशींनी एक दिला. एकाला कारण लिहावं लागे, आणि कारण लिहायची सोय अजून सुरू व्हायची होती. दोन देऊन पाहिले, तीन देऊन पाहिले, चारही. शेवटी पाच दिले. तक्रार तत्काळ मिटली.

आठव्या दिवशी पंप विभागाचा माणूस आला. त्याने सील काढलं, वायर बसवली, नवं सील लावलं. घड्याळात दोन मिनिटं झाली. पाणी धो धो वाहत तीनशे वाळक्या काड्यांमधून गेलं.

"सील शाबूत ठेवलंत, आजी. तुमच्यासारखी माणसं कमी," तो कौतुकाने म्हणाला. पानाभाऊंनी पाना खिशात खोल सारला आणि ते घराकडे वळले. त्या दिवसानंतर ते कुंपणापाशी आलेच नाहीत.

महिन्याभराने कंपनीच्या पत्रकावर मावशींचा फोटो झळकला, खाली पाच तारे. तो पाहून पलीकडच्या वस्तीतल्या अकरा जणांनी आपापले रहाट जमा केले.

मावशींचं हसू आलं असेल तुम्हाला. येऊ द्या. त्यांनीही पंप घेताना आधी तारेच पाहिले होते. चार हजार दोनशे लोकांनी पाचाला पाच दिले होते. त्यातले एक, आठवून बघा, तुम्ही होतात. घाईत होतात, आणि फोनच्या पडद्यावरची चौकट त्याशिवाय मिटत नव्हती.