क्लॅरी टकवेलचा चुकायचा विमा

"पण तुम्ही नेमकं विकता काय?" दिमित्राने पुन्हा विचारलं.

क्लॅरी टकवेल पुन्हा खुर्चीवरून उठला, खिडकीपाशी गेला, बाहेर लावलेली आपली गाडी कुणी पळवली नाही ना ते बघून परत येऊन बसला. ती गाडी पळवायला कुणी येणार नव्हतं. तिचं दार बाहेरून उघडतच नव्हतं. पण खुर्चीत बसून राहणं हे काम क्लॅरीला जन्मात जमलेलं नव्हतं.

"विकत काही नाही गं पोरी. मी चालतो. तारा एकमेकींवर गेल्या की तिथं खुंटी ठोकतो. खाली पाणी असतं."

क्लॅरी पाणाड्या होता. कुंपणाच्या दोन तारा वाकवून मुठीत धरायच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या मॅली भागाच्या त्या लाल, भाजलेल्या मातीत पाणी हुडकत फिरायचं, यात त्याचे केस पिकले होते. कर्रावीनचं मोठं रान म्हाताऱ्या डगनचं होतं तोवर काही प्रश्न नव्हता. डगन फाटकापाशी हाक मारायचा, काम झालं की मेंढीची तंगडी हातात द्यायचा, विषय संपला. आता डगन गेला, रान मेलबर्नच्या कंपनीने घेतलं, आणि तिथल्या नव्या मॅनेजर फेलिसिटी हॅस्लेटबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "जबाबदारीचा विमा नसलेल्या माणसाला मी फाटकाच्या आत घेत नाही. शुक्रवारी कागद घेऊन या. नाहीतर मशीनने पाणी शोधणारा मिल्डुराचा माणूस आहेच."

मशीनवाला एकदा कर्रावीनमध्ये शिरला की आजूबाजूचे सगळे त्यालाच बोलावणार, हे क्लॅरीला बसल्या जागी दिसत होतं. म्हणून तर तो बसू शकत नव्हता.

"हे बघा," दिमित्रा म्हणाली. तिचा बाप याच टेबलाशी बसून अर्ध्या गावाचे विमे उतरवायचा, त्यामुळे तिला दम धरायची सवय होती. "तुमच्यासारख्याला विमे तीन. एक, तुमच्या हातून कुणाला लागलं, कुणाचं काही मोडलं-फुटलं, त्याचा. दुसरा, तुम्ही विकलेला माल कुणाला बाधला, त्याचा. तिसरा, तुमचा सल्ला चुकला आणि त्यापायी कुणी खड्ड्यात गेलं, त्याचा."

"पहिला दे," क्लॅरी उठत म्हणाला.

"बस खाली," त्याची बायको नोरीन म्हणाली. ती कोपऱ्यात गाडीची किल्ली घट्ट धरून बसली होती, म्हणून तर क्लॅरी अजून ऑफिसात होता. "दुसरा तर नकोच. पाणी काही ह्याचं नाही, देवाचं आहे."

"आणि देव माझ्याकडे येत नाही," दिमित्रा म्हणाली. "राहिले पहिला आणि तिसरा. खरं सांगू? दोन्ही घ्या."

"दोन्ही घेतले तर गाडी टायरांशिवाय चालवावी लागेल. एकच." नोरीनने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगं, दोन तारा घेऊन चालणारा माणूस. हा काय मोडणार? पण उद्या ह्याने इथं खोदा म्हणून सांगितलं आणि खाली धूळ निघाली, तर बोअरचा सगळा खर्च आमच्या बोडक्यावर. तिसराच दे."

"मी चुकत नाही," क्लॅरी म्हणाला.

"माझ्या आईचं अंगण."

दिमित्रा उगीचच कॉम्प्युटरमध्ये बघायला लागली.

"तिथं पाणी होतं," क्लॅरी म्हणाला. "खोल होतं."

"तो बोअरवाला पार खडकाला लागला, क्लॅरी. अजून मी समोरून दिसले की तो रस्ता ओलांडतो."

तिसरा विमा ठरला. धंद्याच्या जागी दिमित्राने 'पाणीविषयक सल्लागार' असं लिहिलं. ते वाचून क्लॅरीला आपल्याला काहीतरी असाध्य रोग झाल्यासारखं वाटलं. पण कागद निघाला, आणि तो कागद शुक्रवारी फाटकावर चालणार होता.

दिमित्रा कुणाला एक शब्द बोलली नाही. नोरीनने फक्त आपल्या बहिणीला सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी, ऊन अजून चांगलं कडक असताना, क्लॅरी हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोलिंग क्लबात शिरला, तर सगळा बार त्याच्याकडे तोंड करून उभा.

"या सल्लागारसाहेब!" अॅथल प्रिंगल ओरडला. अॅथल क्लबाच्या हिरवळीचा राखणदार. त्या गवतावर बायकोपेक्षा जास्त जीव. "चुकायचा परवाना काढलास म्हणे?"

"क्लॅरी, एक बिअर माग ना. चुकून माझी पण सांग."

"अरे, त्याला दार दाखवा कुणीतरी. चुकून मुतारीत जाऊन बसायचा."

क्लॅरीने बिअर घेतली आणि स्टुलावर बसला. उठला. खिडकीशी गेला. परत आला. एवढ्यात त्याला दिसलं, की कोपऱ्यातल्या टेबलावर फेलिसिटी हॅस्लेटबाई एकट्याच चिकन पार्मा खात बसल्या आहेत आणि त्यांचा काटा हवेतच थांबला आहे. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. स्वतःच्या चुकीचा विमा उतरवणाऱ्याला उद्या ही बाई रानात कशाला घेईल?

त्याने बिअर तशीच ठेवली, गाडीकडे गेला, खिडकीतून हात घालून आतून दार उघडलं आणि तारा, एक लोखंडी खुंटी आणि घण घेऊन आला.

"चला बाहेर," तो म्हणाला. "सगळे चला."

"माझ्या हिरवळीवर पाय टाकायचा नाही हां!" अॅथल हातात ग्लास घेऊन मागे धावला. "शनिवारी फायनल आहे!"

"कडेकडेने जातो."

सगळा क्लब ग्लास घेऊन ओट्यावर उभा राहिला. शुक्रवारच्या सोडतीचं बक्षीस म्हणून आधीच मांडून ठेवलेला मटणाचा आणि सॉसेजचा ट्रेसुद्धा कुणीतरी बाहेर आणून कठड्यावर ठेवला. क्लॅरी चालायला लागला. हा माणूस एरवी घटकाभर एका जागी टिकायचा नाही, पण तारा हातात आल्या की त्याच्या अंगातली सगळी खाज उतरून तारांत जायची. चालला, चालला, आणि गुणफलकाच्या जवळ तारा अशा खाडकन एकमेकींवर आदळल्या की क्लॅरी स्वतःच दचकला.

"इथं! आणि खोल नाही. हे बघा, हातभर!"

"काहीतरीच!" अॅथल म्हणाला. "माझा पाइप पार त्या टोकाला आहे. इथं माती आणि मुंग्या. ठोक, खुशाल ठोक!"

क्लॅरीने ठोकली.

पहिल्या घावाला काही नाही. दुसऱ्या घावाला खाली ठण्ण झालं. तिसऱ्या घावाला खुंटी स्वतःहून वर आली, आणि तिच्यामागून पाण्याचा एक खांब फलकाच्या वर गेला.

"मी म्हणालो ठोक," अॅथल किंचाळला, "पण तू ठोकशील असं मला काय माहीत!"

हिरवळ आधी पोळीसारखी फुगली, मग मधोमध फाटली. शनिवारची फायनल डोळ्यांदेखत चिखल होऊन वाहायला लागली. बंद करायचा नळ कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नगरपालिकेच्या ज्या माणसाला ठाऊक होतं, तो मरे नदीवर मासे धरायला गेला होता. धावपळीत कुणाचा तरी धक्का लागून ट्रे खाली पडला आणि सॉसेजची माळ पाण्याबरोबर गाड्या लावायच्या जागेकडे निघून गेली. कित्येक वर्षांत गावाने एवढं पाणी एका जागी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या बायका बूट काढून त्यात उभ्या राहिल्या. आणि मध्ये नखशिखांत भिजलेला क्लॅरी हसत उभा होता.

"पाणी!" तो ओरडला. "आहे की नाही?"

शेवटी कुणाला तरी नळ सापडून तो बंद होईपर्यंत क्लॅरीचं हसूही बंद झालं होतं. अॅथल चिखलात बसून गवताचा एक तुकडा दुसऱ्याला जोडून बघत होता. दिमित्रा ऑफिस बंद करून धावत आली, मागोमाग नोरीनही. दिमित्राने डोक्याला हात लावला.

"क्लॅरी, ऐका. खुंटीने पाइप फुटला, हे पहिल्या विम्याचं काम. तो तुम्ही घेतला नाही. तुमच्याकडे सल्ल्याचा आहे. जमिनीतलं पाणी आहे म्हणून मी सांगितलं आणि ते माझं चुकलं, असं म्हणालात, तर मी कंपनीशी भांडून बघते. पण तुम्हाला तसं म्हणावं लागेल. सगळ्यांसमोर."

"चुकला!" नोरीन गर्दीतून ओरडली. "लिही! चुकला! मी लग्नापासून सांगतेय!"

क्लॅरीने ओट्याकडे पाहिलं. फेलिसिटी हॅस्लेटबाई काटा हातात घेऊनच बाहेर आल्या होत्या. चुकलो म्हटलं तर कर्रावीन गेलं. नाही म्हटलं तर ही हिरवळ डोक्यावर. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला, दोनदा. बुटांतून पाणी पचपचलं.

"नाही," तो म्हणाला. "तारांनी पाणी सांगितलं, पाणी निघालं. ते ढगातलं का नळातलं, हे तारा विचारत नाहीत. मी चुकलो नाही. अॅथल, तुझी हिरवळ मी माझ्या हाताने लावून देतो. गुडघ्यावर बसून."

"तू?" अॅथल नाक ओढत म्हणाला. "तुला बसता कुठं येतं?"

"ह्या पाइपचा नकाशा कुठं होता?" हॅस्लेटबाईंनी विचारलं.

"नकाशा?" अॅथल म्हणाला. "बाई, पाइप आहे हेच आम्हाला आत्ता कळलं."

"मिस्टर टकवेल," बाई म्हणाल्या. डॉक्टर सोडला तर क्लॅरीला मिस्टर कुणी म्हणत नसे, त्यामुळे तो घाबरला. "बोअरसाठी मी मशीनवाल्याला दुपारीच हो म्हटलं."

क्लॅरीच्या हातातल्या तारा खाली गेल्या.

"पण डगनने जन्मभर त्या रानात पाइप पुरले, आणि कुठं पुरले ते सोबत घेऊन गेला. टाकी भरते आणि रिकामी होते, मेंढरं तहानलेली. कुठं गळतंय ते मशीनवाल्याला सांगता येत नाही. उद्या सकाळी येता?"

"मी पाणाड्या आहे," क्लॅरी ताठ होत म्हणाला. "प्लंबर ना..."

नोरीनने त्याच्या ओल्या बुटावर आपला पाय पूर्ण वजनानिशी ठेवला.

"येतो," क्लॅरी म्हणाला.

"खुंटी आणू नका. चुन्याची खूण करा. आणि दिमित्रा सांगतेय तो पहिला विमा घेऊन या."

शुक्रवारी उजाडताच क्लॅरी आणि नोरीन दिमित्राच्या दारात. टायर पुढच्या वर्षावर गेले होते. क्लॅरी खुर्चीत बसला, आणि नवल म्हणजे बसलाच. खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हा नीट समजावून सांग," तो म्हणाला. "हा कशाचा?"

दिमित्राने थोडा विचार केला. "तो जुना होता, तुम्ही चुकलात तर. हा आहे, तुम्ही बरोबर निघालात तर."

क्लॅरीचं तोंड असं फुललं की नोरीनला दुसरीकडे बघावं लागलं. त्याने कागद न वाचताच खाली झोकात सही ठोकली.

"मग तो जुना काढून टाकू?" दिमित्राने विचारलं. "थोडे पैसे परत मिळतील."

क्लॅरी उठला. दारापर्यंत गेला. तारा एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. परत आला.

"राहू दे तो पण," तो नोरीनकडे न बघता म्हणाला. "हिच्या आईच्या अंगणात खडकच होता."